आधी संकल्प, मग काम: गोदाकाठच्या डेटा सेंटरबद्दल भाविकांना पडणारे प्रश्न

रामकृष्ण हरी. आम्ही नाशिकमधले काही भाविक आहोत, कुणी माळकरी, कुणी रोज सकाळी गंगेवर (आम्ही गोदावरीलाच गंगा म्हणतो) जाणारे, आणि आता जैन, बौद्ध, ख्रिस्ती, मुस्लिम शेजारीही सोबत बसायला लागलेत. आमचं म्हणणं एवढंच की गोदावरीच्या खोऱ्यात मोठी डेटा सेंटर्स उभी करायच्या आधी थांबा, पाणी, वीज, हवा, झाडं सगळ्याचा नीट अभ्यास करा, तो मराठीत लोकांपुढे ठेवा आणि मग काय ते ठरवा. हे बोलायला लागल्यापासून कीर्तनाच्या मांडवात, सोसायटीच्या मीटिंगला, व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहितेय. लिहिणारी मी एकटी असले तरी उत्तरं आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलीत.

डेटा सेंटर म्हणजे नक्की काय असतं?

मोठी गोदामासारखी इमारत, आत हजारो कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर, रात्रंदिवस चालू. आपण पाठवलेला फोटो, बँकेचा व्यवहार, आता एआयला विचारलेला प्रश्न, सगळं तिथे जातं. सर्व्हर तापतात, त्यांना थंड ठेवायला एसी किंवा पाणी लागतं, आणि लाइट गेली तर बंद पडायला नको म्हणून बाहेर डिझेल जनरेटरची रांग असते. चिमणी दिसत नाही, धूर दिसत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं ह्याचा काय त्रास होणार.

पण यात देवधर्म कुठून आला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला याचंच उत्तर सगळ्यात मनापासून द्यायचंय.

घरात सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी आधी संकल्प सोडायला लावतात. आपण पळीतलं पाणी हातावर घेतो, ते ताम्हनात सोडतो, आणि तेव्हा गुरुजी काय म्हणतात ते एकदा लक्ष देऊन ऐका. वर्ष कुठलं, महिना कुठला, तिथी, वार, नक्षत्र, आणि जागा. जागा सांगताना घर नंबर नाही सांगत, नदी सांगतात. गोदावर्याः दक्षिणे तीरे, नाहीतर उत्तरे तीरे. आमच्या पंचवटीत उत्तर तीर, जुन्या नाशकात दक्षिण तीर. पार पुण्यात बसलेला माणूससुद्धा गोदावरीचा दक्षिण काठ म्हणतो. म्हणजे देवापुढे आपला पत्ताच या नदीवरून लागतो. आणि हे सगळं कामाच्या आधी म्हणायचं असतं, मी कोण, कुठे बसलोय, कधी, काय करणार आहे, कशासाठी करणार आहे. पूजा उरकली आणि मग संकल्प सोडला असं कुणाच्या घरी झालेलं मी तरी ऐकलं नाही.

पर्यावरणाचा अभ्यास म्हणजे तरी दुसरं काय, कुठे बांधताय, नदी किती लांब, पाणी किती घेणार, कुणाच्या वाटचं घेणार, कशासाठी घेणार, हे आधी चारचौघांत सांगायचं. आज आपण घर बांधताना कुदळ मारायच्या आधी भूमिपूजन करतो, जमिनीची क्षमा मागतो, आणि ज्याला अब्जावधी लिटरची तहान लागू शकते त्याला मात्र म्हणायचं लवकर काम सुरू करा, हे आमच्या मनाला पटत नाही.

दुसरी गोष्ट गौतम ऋषींची. ती नाशिकच्या प्रत्येक पोराला माहितीये. शेतात गाय शिरली, ऋषींनी तिला हाकलायला दर्भाची काडी टाकली आणि गाय मेली. त्यांचा हेतू वाईट होता का? नव्हता. काडीने गाय मरेल असं कुणाला वाटेल? तरीसुद्धा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून ते सुटले नाहीत, ब्रह्मगिरीवर तप केलं, गंगा खाली आणली, ती निसटायला लागली तेव्हा कुशाने अडवली, ते कुशावर्त. आपली नदी ज्या कथेतून आली तिचा गाभाच हा आहे की नकळत झालेलं नुकसानही आपलंच असतं. मग जिथे आधी मोजून बघता येतं तिथे न बघता पुढे जाणं तर त्याहून वाईट ना.

‘थांबा’ म्हणजे विरोधच झाला की. धर्मात थांबणं कुठे सांगितलंय?

धर्मात थांबणं भरपूर आहे हो. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास असतो, लग्नं थांबतात, संन्यासी एका गावात राहतात. जैन साधू-साध्वी पावसाचे चार महिने विहार थांबवतात कारण ओल्या जमिनीवर जीव फार असतात, पायाखाली मरतील. म्हणजे कुणाला इजा होईल अशी शंका असेल तर आपण चालणं सोडायचं, त्या किड्याने येऊन पुरावा द्यावा अशी अपेक्षा नाही.

आणि त्रिरश्मी लेणी, आपली पांडवलेणी, तिकडे तर हे दगडात कोरलेलंय. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात लिहिलंय की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापण (त्या काळची नाणी) द्यावेत. वर्षावास म्हणजे पावसाळ्यात एका जागी थांबणं. म्हणजे आपल्या गावात कुणीतरी थांबणाऱ्यांसाठी पैसे ठेवून गेलाय! त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात लेण्याबरोबर पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, खोदल्याचंही आहे. थांबायची सोय करणाऱ्याने पाण्याची सोयही त्याच दमात केली. आम्ही मागच्या पावसाळ्यात काही जण ते बघायला मुद्दाम वर गेलो, टाक्यांत पाणी होतं.

चातुर्मास संपतो, कार्तिकीनंतर माणूस पुन्हा चालायला लागतो. आम्ही मागतोय ते थांबणंही असंच आहे, त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे.

किती दिवस थांबायचं मग?

आमच्या मते निदान एक पूर्ण वर्ष, म्हणजे पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिन्ही मोजून. आजकाल अशा अभ्यासात पावसाळा सोडून एका मोसमाची मोजणी केली तरी चालते. डिसेंबरात गंगापूर धरणावर उभं राहून सगळं छानच दिसतं. वैशाखात या, सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवडला टँकरच्या मागे लागलेली ड्रमची रांग बघा आणि मग पाणी आहे का ते लिहा.

पाणी खरंच एवढं लागतं का? जरा आकड्यात सांगा.

सांगते, पण हा हिशोब ढोबळ आहे हे धरून चाला, प्रत्येक सेंटरची पद्धत वेगळी.

पाण्याचं बाष्पीभवन करून थंड करायची पद्धत असेल तर १ युनिट विजेमागे साधारण १.८ लिटर पाणी हा सरासरी आकडा या धंद्यात सांगितला जातो. १०० मेगावॉटचं सेंटर पूर्ण क्षमतेने चाललं तर तासाला १ लाख युनिट, दिवसाला २४ लाख युनिट. गुणा १.८, झाले ४३ लाख लिटर रोज. शहरात माणशी १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरतात, त्या हिशोबाने ३२ हजार माणसांचं पाणी. खेड्यात जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर धरतात, मग ते होतं ७८ हजार माणसांचं. दहा हजार लिटरचे टँकर मोजायचे तर रोज ४३०. आणि यातलं बहुतेक पाणी वापरून परत गटारात येत नाही, वाफ होऊन आकाशात जातं.

मोठा आकडा हवा असेल तर गूगलने स्वतःच्या अहवालात २०२३ सालासाठी जगभरातल्या आपल्या डेटा सेंटर्सचा पाणीवापर सुमारे ६.१ अब्ज गॅलन सांगितलाय, म्हणजे जवळजवळ २,३०० कोटी लिटर. नाशिककरांना टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, लगेच कळतं म्हणून तसं सांगते, ०.८ टीएमसी. आपलं गंगापूर धरण काठोकाठ भरलं तर साडेपाच टीएमसीच्या थोडं वर. म्हणजे एका कंपनीचं वर्षाचं पाणी म्हणजे गंगापूरचा सातवा हिस्सा. ते सगळं नाशिकमधून जाणार असं कुणी म्हणत नाहीये, पण प्रमाण कळावं म्हणून सांगितलं.

माझ्यासाठी पाणी हा आकडा नाही राहिला २०१६ पासून. २०१५ ला सिंहस्थ झाला, लाखो लोक रामकुंडात न्हाले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं. तळाची फरशी दिसत होती. आमच्या घरात त्याच दिवसांत दहावा होता. लांबून आलेली माणसं हातात अस्थींचं मडकं घेऊन कोरड्या पायऱ्यांवर उभी होती, काय करायचं ते कुणालाच कळेना. माझी आजी नदीत पाय टाकायच्या आधी वाकून पाणी डोक्याला लावायची, पाय लागतोय म्हणून माफी मागायची, ती त्या दिवशी पायरीवर बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. ज्या वर्षी पाऊस कमी होईल त्या वर्षी आधी कुणाचं पाणी बंद करणार हे लेखी ठरल्याशिवाय नवीन मोठा वाटेकरी आणू नका, एवढं मागायचा आम्हाला हक्क आहे असं मला वाटतं.

आता बिनपाण्याचं कूलिंग आलंय ना? मग काय प्रॉब्लेम?

आलंय, आणि चांगलंच आहे. पाणी बंद पाइपात फिरतं किंवा सरळ हवेने थंड करतात. पण उन्हाळ्यात हवेने थंड करायला वीज जास्त लागते, आणि ती वीज कोळशाची असेल तर पाणी तिकडे जळतं. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमात युनिटला ३.५ लिटरपर्यंत पाणी वापरायची मुभा आहे. म्हणजे आपल्या दारात नळ बंद आणि चंद्रपूरला किंवा इथेच एकलहऱ्याला चालू. दुसऱ्याच्या विहिरीतून उपसलं म्हणून पुण्य लागत नाही. तरीही कंपनी बिनपाण्याचं म्हणत असेल तर तसं परवानगीत अट म्हणून लिहा, कायमची.

सांडपाणी शुद्ध करून द्या की, ते तर वायाच जातं.

हे ऐकायला एकदम बरोबर वाटतं, मलाही वाटलं होतं. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून, पाणी नदीत सोडतात. पण ते पाणी वाया जात नाही, खाली जातं. खाली निफाड आहे, नांदूरमधमेश्वर आहे, तिथला बंधारा इंग्रजांच्या काळातला, त्यावर कालवे आहेत, शेती आहे, आणि पक्षी आहेत, २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. त्याच्याही खाली पैठणचं जायकवाडी, नाथसागर. ऑक्टोबरमध्ये जायकवाडीत पुरेसा साठा नसेल तर २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं आणि दर वेळी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा भांडण पेटतं. आपण पाणी सोडताना हळहळतो, तिकडचे न मिळाल्याने हळहळतात, आणि दोन्हीकडचे एकनाथांच्या पैठणला नमस्कार करतात. या भांडणात तिसरा वाटेकरी बसवायचा तर तिकडच्या लोकांनाही विचारायला नको का?

तरी आमचं मत आहे की पिण्याच्या पाण्यापेक्षा शुद्ध केलेलं सांडपाणी वापरणं कधीही बरं. फक्त किती उचललं तर खाली किती उरेल ते आधी मोजा.

वीज कुठून येणार? आपल्याकडे लाइट जाईल का?

लाइट जाईल असं छातीठोक सांगणं बरोबर नाही. पण १०० मेगावॉट म्हणजे वर्षाला ८७ कोटी युनिटच्या वर. महिन्याला १०० युनिट वापरणारं घर धरलं तर सात लाख घरं. आपल्या एकलहऱ्याच्या केंद्राची क्षमता ६३० मेगावॉट, म्हणजे अशी सहा सेंटर्स झाली की एक एकलहरे गेलंच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था म्हणते २०२४ मध्ये जगातल्या विजेतला दीड टक्का डेटा सेंटरला लागला आणि २०३० पर्यंत वापर दुपटीच्या पुढे जाईल. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री मोटार चालू करायला उठावं लागतं अशा जिल्ह्यात नवीन लाइन कुणासाठी आणि खर्च कुणाच्या बिलात, हे विचारलंच पाहिजे.

सोलरवर चालवलं तर?

उत्तमच. पण सोलर दिवसा असतं आणि सर्व्हर रात्रीही चालतात, तेव्हा रात्रीची वीज कुठली ते सांगा. वर्षाचा हिशोब कागदावर जुळवून शंभर टक्के हरित म्हणणं आणि रात्री दोन वाजता खरंच हरित असणं, यात फरक आहे.

इतर कुठे असं थांबवलंय का, की आपणच मागास?

सिंगापूरने २०१९ पासून २०२२ पर्यंत नवीन डेटा सेंटरला परवानगी थांबवली होती, मग कडक अटी घालून मोजक्यांना दिली. अॅमस्टरडॅमने २०१९ मध्ये वर्षभर थांबवून नियम बनवले. आयर्लंडमध्ये २०२३ साली देशातली २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटरने खाल्ली, देशातल्या सगळ्या शहरी घरांपेक्षा जास्त, आणि डब्लिनच्या आसपास नवीन जोडण्या जवळजवळ बंदच केल्या होत्या. अमेरिकेत डिसेंबर २०२५ मध्ये दोनशेहून जास्त संघटनांनी तिथल्या संसदेला पत्र लिहून देशभर नवीन सेंटर्स थांबवा म्हटलं. यातले कुठलेच देश टेक्नॉलॉजीत मागे पडलेले नाहीत.

आपल्याकडे कायदा आहे की. पर्यावरण परवानगी घ्यावीच लागते ना?

इथेच गोम आहे आणि ही बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते. २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या अभ्यासाच्या, अधिसूचनेत डेटा सेंटर असा वेगळा प्रकारच नाही. ते ‘इमारत बांधकाम’ या सदरात मोजलं जातं, म्हणजे मॉल किंवा टॉवरसारखं. २०,००० चौरस मीटरपेक्षा बांधकाम कमी असेल तर पर्यावरण मंजुरी लागतच नाही. जास्त असेल तर राज्याच्या प्राधिकरणाकडे जातं, पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे साखर कारखान्यासाठी गावात मांडव घालून लोकांचं ऐकून घेतात, आणि इथे नाही. इमारत किती मोठी हे बघतात, आतली यंत्रं किती पाणी-वीज ओढणार यावरून प्रकार ठरत नाही. शिवाय प्रत्येक प्रकल्प सुटा बघायचा, एका खोऱ्यात पाच आले तर पाचांचा मिळून भार किती, तो कुणी बघायचा?

आमची मागणी ह्याच जागी आहे. क्षमतेवरून वेगळा प्रकार करा, जनसुनावणी घ्या, आणि पूर्ण गोदावरी खोऱ्याचा एकत्रित अभ्यास करा. तोवर नवीन मोठ्या सेंटरना परवानगी नको. राज्याच्या पाणी धोरणातही २०११ पासून पिण्याचं पाणी पहिलं, शेती दुसरी आणि उद्योग तिसरा असा क्रम आहे, तो पाळा इतकंच.

नोकऱ्या येतील, पोरं पुण्याला जायची थांबतील, त्याचं काय?

माझाच मुलगा पुण्यात आहे, त्यामुळे हा प्रश्न मला टोचतो. बांधकाम चालू असताना बरीच कामं निघतात हे खरंय. पण एकदा सुरू झालं की इमारतीच्या आकाराच्या मानाने माणसं थोडीच लागतात, यंत्रंच यंत्रं सांभाळतात, थोडे इंजिनिअर, सिक्युरिटी, देखभालवाले. अंबड-सातपूरच्या एखाद्या कारखान्यात तेवढ्याच विजेवर किती हात राबतात ते बघा. तेव्हा कंपनीने सांगावं, कायमच्या नोकऱ्या किती, त्यातल्या इथल्या पोरांना किती, एक लिटर पाण्यामागे आणि एक एकर जमिनीमागे किती. आकडा चांगला असेल तर आम्हीच पोरांना सांगू अर्ज करा म्हणून.

मग ते दुसऱ्या जिल्ह्यात जातील, आपण बघत बसू.

जाऊ शकतात. मुंबईत जागा महाग, आणि समृद्धी महामार्ग इगतपुरी-सिन्नरवरून गेल्यामुळे आपल्याकडे यावंसं वाटणं साहजिक आहे, पण म्हणून घाबरून सही करायची का? आणि आमची मागणी ‘आमच्याकडे नको, तिकडे न्या’ अशी नाहीचे. मराठवाड्यात न्या असं म्हणायला आमची जीभ वळणार नाही. नियम राज्यभर एकच करा.

तुम्हीच यूपीआय वापरता, यूट्यूबवर हरिपाठ ऐकता. मग तक्रार कशाला?

हो, वापरतो. मंदिराच्या दानपेटीवरही क्यूआर कोड आहे. सातपूर एमआयडीसीत ईएसडीएसचं डेटा सेंटर कित्येक वर्षं आहे, ते बंद करा असं आम्ही कधी म्हटलं नाही आणि म्हणणार नाही. आपण अन्न खातो म्हणून शेतात काय फवारतात ते विचारायचंच नाही, असं कसं? उलट वापरतो म्हणूनच विचारायची जबाबदारी जास्त. पान जेवढं वाढलं तेवढं संपवावं, उष्टं टाकू नये असं आपल्याला लहानपणी शिकवलं, मग फोनमध्ये रोजचे शंभर गुड मॉर्निंग फोटो साठवून ठेवायचे का, हेही आम्ही आपापल्या घरात बोलायला लागलोय. छोटी गोष्ट आहे, तिने नदी वाचणार नाही, पण सवय लागते.

नदी तर आपण भाविकच घाण करतो. निर्माल्य, प्लॅस्टिक, कपडे. आधी ते थांबवा.

खरंय. याला माझ्याकडे बचाव नाही. दहाव्याला आलेले लोक कपडे पाण्यात सोडतात, दिवे प्लॅस्टिकच्या द्रोणात सोडतात, गटारं तर थेट येतात. आम्ही एकादशीला भजनाआधी तासभर घाटावर कचरा उचलतो, तो कधी संपत नाही. पण आई आजारी आहे आणि त्यात आपलीही चूक आहे, म्हणून घरात येणाऱ्या नव्या माणसाला नियम सांगायचे नाहीत असं होत नाही. दोन्ही करावं लागेल. तपोवनातली झाडं कुंभाला येणाऱ्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तोडायची म्हटल्यावर २०२५ च्या शेवटी जे लोक रस्त्यावर आले त्यात देव मानणारे भरपूर होते. कुंभ आमचाच, झाडंही आमचीच, म्हणून ते आले.

इतर धर्मांचे लोक यात का आहेत?

कारण पाणी सगळे एकाच धरणातलं पितो. शरणपूरच्या एका ताईंनी सांगितलं की बायबलमध्ये सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगितलंय, तिलाही विश्रांती. एक चाचा म्हणाले वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुताना, वाहत्या नदीवर बसला असलात तरी पाणी जास्त वापरू नका अशी शिकवण आहे. मला ते ऐकून अंगावर काटा आला, वाहती नदी समोर असताना सुद्धा! बौद्ध आणि जैन मंडळींचं वर लिहिलंच आहे. आम्ही मीटिंगला प्रार्थना एकच करत नाही, दोन मिनिटं गप्प बसतो आणि मग सुरू करतो.

शेतकऱ्याला काय फरक पडतो? द्राक्षाला तर ठिबक आहे.

ठिबकला पण पाणी लागतं हो! द्राक्षाला एप्रिल छाटणीनंतर पाण्याचा फार ताण पडला तर पुढच्या हंगामाची घडनिर्मितीच बिघडू शकते. धरणातलं पाणी आरक्षण दरवर्षी ठरतं, पिण्याचं किती, उद्योगाचं किती, शेतीला आवर्तनं (कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या) किती. उद्योगाचा आकडा वाढला तर आवर्तन कमी होणार, साधी वजाबाकी आहे. तेव्हा तुमच्या गावाच्या पाणी वापर संस्थेने हा विषय आत्ताच काढावा.

हे राजकीय आहे का? पैसे कोण देतं?

कुठल्याच पक्षाचं नाही. वर्गणी नाही, पावती पुस्तक नाही. चहा ज्याच्या घरी मीटिंग त्याच्याकडे.

मी काय करू शकतो? मला फार वेळ नाही.

माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा. जलसंपदा विभागाला विचारा की तुमच्या धरणातून उद्योगासाठी किती पाणी आरक्षित आहे आणि गेल्या पाच वर्षांत ते किती वाढलं. एमआयडीसीला विचारा डेटा सेंटरसाठी कुठे भूखंड मागितलेत आणि मंजूर वीजभार किती. केंद्राच्या परिवेश या वेबसाइटवर प्रकल्पाचे अर्ज बघता येतात, नाशिक जिल्हा टाकून महिन्यातून एकदा बघत जा. गावात राहत असाल तर ग्रामसभेत ठराव घ्या, अभ्यास झाल्याशिवाय ना-हरकत नाही असा, आणि ठरावात पाण्याचा आकडा लिहा, नुसता निषेध लिहू नका, निषेधाचा कागद फाइलला लागतो आणि आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

कीर्तनकार, प्रवचनकार महाराज मंडळींना एक विनंती, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या येतात, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो पावलं चालतात, तिथे दहा मिनिटं या पाण्यावर बोला. आमच्या पत्रकापेक्षा तुमचं लोक ऐकतात.

जनसुनावणी झालीच तर मी बोलू का? मला टेक्निकल काही कळत नाही.

बोला, नक्की बोला. मेगावॉट नाही कळलं तरी चालेल. तुमच्या विहिरीला गेल्या दहा वर्षांत पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकलं ते सांगा, बोअर किती फुटांवर गेलं ते सांगा, तुमच्या लहानपणी पुरात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी यायचं आणि उन्हाळ्यात घाटावर किती असायचं ते सांगा. नाव, गाव, तारीख सांगून बोला आणि बोललेलं लेखी देऊन पोच घ्या. आमच्यातल्या एक ऐंशी वर्षांच्या आजी विचारत होत्या की सुरुवात कशी करू, त्यांना आम्ही म्हटलं पूजेला करता तशीच करा. त्यांनी वहीत पहिली ओळ लिहून ठेवलीये, गोदावरीच्या उत्तर तीरावर राहते, आणि पुढे त्यांच्या आडाच्या पाण्याची खोली, साल घालून.